घरगुती हायड्रोपोनिक किट: रोपं तयार करायला कितपत उपयोगाचं?

बेळगाव शहर असो, खानापूर असो की निपाणी-चिकोडी, गच्चीवर मातीविना, खत घातलेल्या पाण्यावर (हायड्रोपोनिक पद्धतीनं) भाजी करायचं मनात आलं की बहुतेक जण ऑनलाइन एखादं किट मागवतात. कंपन्या वेगवेगळ्या, पण खोक्यातला ऐवज जवळपास सारखाच. दोन इंची जाळीदार कप, स्पंजचे चौकोनी तुकडे, कोकोपीटची (नारळाच्या काथ्याच्या भुशाची) ६५० ग्रॅमची वीट, एक प्रोट्रे (रोपं करायचा खणांचा ट्रे), खताच्या 'ए' आणि 'बी' अशा दोन बाटल्या, पाण्याचा पीएच (आम्लता) तपासायचे थेंब, पीएच उतरवायची बाटली, काहींत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा), शिवाय लेट्यूस, पाकचोय, बेसिल, पालक, चेरी टोमॅटो यांच्या बिया आणि एक छापील पत्रक. त्यामुळं कुठल्या एका कंपनीवर न लिहिता या वस्तूच एकेक करून तपासल्या आहेत, आणि त्याही फक्त एका कामासाठी: बी टाकल्यापासून रोप कपात बसेपर्यंत. पुढं रोपं ज्यात वाढतात ते पाइप, टाकी, पंप यांचा विचार इथं केलेला नाही.

एवढाच भाग निवडायला कारण आहे. माती बऱ्याच चुका पोटात घालते, पाणी घालत नाही. लांबट, पिवळं पडलेलं किंवा मुळाशी कुजायला लागलेलं रोप वाफ्यात कधी कधी सावरतं. पाइपमध्ये गेलेलं तसं रोप महिनाभर जागा अडवतं आणि शेवटी काढूनच टाकावं लागतं. हे बिघडणं पहिल्या दहा दिवसांत होतं, आणि किटच्या पत्रकात नेमक्या त्याच दहा दिवसांवर दोन-तीन ओळी असतात.

निकाल आधीच सांगतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात लेट्यूस आणि पाकचोय करायचं असेल तर किट पैसे वसूल करून देतं. उरलेले आठ महिने, आणि टोमॅटो, मिरची, काकडी यांच्यासाठी कधीही, सुटं सामान घेतलेलं बरं.

स्पंज

साधारण २५ मिलिमीटरचा, वर फुलीसारखी चीर दिलेला पॉलियुरेथेनचा तुकडा. स्वच्छ असतो, पाण्यात त्याचा गाळ उतरत नाही, पंप तुंबत नाही, रोप उचलून कपात ठेवलं की काम संपलं. पालेभाजीसाठी हे मोठे फायदे आहेत.

अडचण आतल्या हवेची. कोरडा स्पंज नुसता पाण्यावर ठेवला तर बाहेरून ओला दिसतो, गाभा कोरडाच राहतो. बी फुटतं, मूळ अर्धा सेंटिमीटर खाली जातं आणि कोरड्या भागावर येऊन थांबतं. दोन दिवसांनी मूळ स्पंजच्या वर आडवं पसरलेलं दिसलं तर समजावं की हेच झालंय. उपाय सोपा: तुकडे पाण्याखाली धरून बुडबुडे थांबेपर्यंत चार-पाच वेळा दाबायचे, सोडायचे. काही स्पंज पाणी घेतच नाहीत, थेंब वर मोत्यासारखे बसून राहतात. असे तुकडे भांडी घासायच्या साबणाच्या एका थेंबानं धुऊन, फेस पूर्ण जाईपर्यंत तीन पाण्यांतून काढायचे.

नंतर पाण्याची पातळी. ताटलीत स्पंजच्या तळाशी पाच-सहा मिलिमीटरच पाणी हवं. निम्मा स्पंज बुडवला तर खालच्या मुळांना हवा मिळत नाही आणि वरचा पृष्ठभाग कायम ओला राहून हिरवं शेवाळ धरतो. शेवाळामागोमाग बारीक काळी चिलटं येतात, आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. चिरेभोवती काळ्या पॉलिथिनचा किंवा जाड कागदाचा तुकडा ठेवला तर उजेड अडतो आणि शेवाळ मुळातच धरत नाही.

बी चिरेत खोल जाऊ द्यायचं नाही. लेट्यूसचं बी वरून तीन-चार मिलिमीटरवर, उजेड दिसेल असं बसवायचं. ओल्या टूथपिकच्या टोकानं उचललं की बरोबर जागी ठेवता येतं. टोमॅटो आणि मिरचीला मात्र स्पंज नको. खोड जाड व्हायला लागलं की चीर त्याला आवळते, आणि घट्ट विणीच्या स्पंजमधून जाड मुळं बाहेर पडताना अडकतात.

पैसे वाचवायला गादीवाल्याकडचा फोम कापून वापरणारे आहेत. त्याची घनता आणि त्यावरची प्रक्रिया आपल्याला कळत नाही, म्हणून टाळावा. फुलांच्या सजावटीत वापरतात तो हिरवा ठोकळाही नको: तो पाणी भरपूर धरतो, हवा फार थोडी, आणि त्याची भुकटी डोळ्यांत-नाकात गेली तर चुरचुरते. रोपांसाठीचा फोम दिसायला तसाच असतो, पण तो वेगळा बनवलेला असतो.

कोकोपीट

खोक्यातली सगळ्यांत कामाची वस्तू हीच, आणि सगळ्यांत बेभरवशाचीही हीच. ६५० ग्रॅमच्या विटेला साडेतीन ते चार लिटर कोमट पाणी लागतं आणि फुलून आठ-नऊ लिटर कोकोपीट होतं. ९८ खणांच्या ट्रेला दोन-अडीच लिटर पुरतं, म्हणजे एका विटेत तीन ट्रे आरामात भरतात. घरगुती कामाला एवढं वर्षभर पुरावं.

बेभरवशाची म्हणायचं कारण मीठ. नारळाचा काथ्या खाऱ्या पाण्यात कुजवलेला असला आणि नंतर नीट धुतला नसला, तर भुशात सोडियम आणि पोटॅशियम भरपूर राहतं. पाकिटावर 'लो ईसी' (ईसी म्हणजे विद्युतवाहकता, मिलिसीमेनमध्ये; क्षार जास्त तेवढी ती जास्त) छापलेलं असलं तरी तपासूनच घ्यावं. फुललेलं कोकोपीट १०० मिलिलिटर, त्यात आरओचं किंवा डिस्टिल्ड पाणी १५० मिलिलिटर, ढवळून अर्धा तास ठेवायचं, कापडातून पिळायचं आणि त्या पाण्यात मीटर बुडवायचा. ०.५ ईसीच्या आत आलं तर वापरायला हरकत नाही. १ च्या वर गेलं तर धुतल्याशिवाय बी टाकू नये. बी उगवेल, पण पहिल्या खऱ्या पानाच्या (बियातून आधी निघणाऱ्या दोन पानांनंतर येणाऱ्या) कडा करपतील.

धुणं म्हणजे नुसतं पाणी ओतणं नव्हे. साध्या पाण्यानं मोकळं मीठ निघून जातं, पण भुशाच्या कणांना चिकटलेलं सोडियम-पोटॅशियम तसंच राहतं आणि नंतर तुम्ही दिलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम ओढून घेऊन त्या बदल्यात बाहेर पडतं. खत मोजून देऊनही कोवळी पानं वाकडी, कडेला जळलेली निघतात ती यामुळं. म्हणून दोनदा धुऊन झाल्यावर लिटरला दीड ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घातलेल्या पाण्यात रात्रभर भिजवायचं, सकाळी पिळून पुन्हा एकदा धुवायचं. कॅल्शियम नायट्रेट ऊस आणि भाजीपाला करणारे शेतकरी नेहमी नेतात, त्यामुळं तालुक्याच्या गावी कृषी केंद्रात मिळायला अडचण पडू नये. किटमध्ये ते नसतं, ही किटची मोठी उणीव.

नुसतं कोकोपीट ट्रेमध्ये दाबून भरलं तर पाणी जास्त धरतं. तीन भाग कोकोपीट, एक भाग परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे, हवा खेळती ठेवतात), एक भाग व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखं फुगवलेलं खनिज, पाणी धरतं) असं मापानं (वजनानं नव्हे) मिसळावं. जून ते सप्टेंबर व्हर्मिक्युलाइट वगळून परलाइट दोन भाग करावं, कारण खानापूर-बेळगावच्या पावसाळी हवेत ट्रे दोन-दोन दिवस सुकत नाही. अथणी-रायबागकडं हवा कोरडी, तिथं उलट व्हर्मिक्युलाइट उपयोगी पडतं. ओलावा बरोबर आहे का ते मुठीत कळतं: घट्ट पिळल्यावर दोन-चार थेंब गळावेत, धार लागू नये.

सुटं कोकोपीट जाळीच्या कपातून गळतं आणि बारीक पंप तुंबवतं. कपात तळाशी मच्छरदाणीच्या जाळीचा गोल तुकडा ठेवला की काम भागतं. पाणी चहासारखं तांबूस झालं म्हणून घाबरू नये, तो भुशाचा रंग आहे. मुळंही त्यानं तपकिरी दिसतात. कुज आहे की रंग, ते वासावरून आणि चिमटीवरून ठरवावं: कुजलेलं मूळ घाणेरडा वास मारतं आणि चिमटीत धरलं की साल सुटून आतला दोरा हातात राहतो.

जाळीत गुंडाळलेल्या कोकोच्या चकत्या मिळतात, पाण्यात टाकल्या की फुगून उभ्या राहतात. टोमॅटो-मिरचीसाठी या उत्तम, फक्त महाग. लावताना खालची जाळी कात्रीनं कापून टाकावी, नाहीतर मुळं आतच गोल फिरत राहतात.

रॉकवूल (वितळवलेल्या दगडाच्या तंतूंचे ठोकळे) इथल्या दुकानांत सहसा दिसत नाही, मागवावं लागतं, आणि एका रोपामागं स्पंजच्या कितीतरी पट खर्च येतो. त्याचा पीएच मुळात ७ ते ८ असतो. म्हणून ५.५ पीएचच्या पाण्यात रात्रभर भिजवल्याशिवाय बी टाकायचं नाही. ५ च्या खाली मात्र न्यायचं नाही, तंतू खराब होतात. पिळायचं तर मुळीच नाही, हवेची जागा कायमची मोडते. कापताना तोंडाला मास्क आणि हातमोजे हवेत. पीएच मीटर नसेल तर या वाटेला जाऊ नये.

ट्रे आणि बिया

किटचा ट्रे बहुधा पातळ असतो. पाणी भरलेला ट्रे एका हातानं उचलला आणि मधून वाकला, तर खणातली मुळांची गड्डी तुटते. कृषी केंद्रात जाड प्रोट्रे मिळतात. रोपवाटिकावाले वापरतात तेच. ९८ खणांचा ट्रे ७ बाय १४ असतो. घरच्या माणसांना एकदम ९८ लेट्यूस कशाला हवेत? तो कात्रीनं दोन-दोन ओळींच्या १४ खणी पट्ट्यांत कापावा आणि दर दहा-बारा दिवसांनी एक पट्टी पेरावी, म्हणजे भाजी एकाच वेळी तयार होऊन वाया जात नाही. काकडी, दोडका यांना ५० खणांचा ट्रे.

बियांच्या पाकिटावर उगवण टक्केवारी, तपासणीची तारीख आणि मुदत छापलेली असायला हवी. किटमधल्या लहान पुड्यांवर कित्येकदा नावापलीकडं काही नसतं. अशा बिया २० मोजून ओल्या टिश्यूवर, झाकणाच्या डबीत ठेवून आधी उगवून बघाव्यात. २० पैकी १२-१३ च उगवल्या तर खणात दोन-दोन टाकाव्या लागतील, आणि दहाच्या खाली आल्या तर पाकीट टाकून द्यावं. गुलाबी किंवा निळा रंग लावलेल्या बियांवर बुरशीनाशक असतं. अशा बिया मोड आणून किंवा कोवळ्या काढून खायच्या नाहीत, आणि हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे.

परदेशी पालेभाज्यांच्या पुड्यांपेक्षा इथल्या घरांत लागणारी जवारी कोथिंबीर, पालक, संकेश्वरी मिरची करून बघायला हरकत नाही. फक्त प्रत्येकाची चाल वेगळी आहे. धणे हलके रगडून दोन फाकी करायच्या, १२ ते २४ तास भिजवायच्या आणि थेट शेवटच्या कपातच पेरायच्या, कारण कोथिंबिरीला मूळ हलवलेलं खपत नाही. पालकाचं एक बी म्हणजे दोन-तीन बियांची गाठ असते. आठ-दहा तास भिजवून पेरावं आणि उगवल्यावर एकच रोप ठेवून बाकीची कात्रीनं कापावीत, उपटू नयेत. मेथी दोन-तीन दिवसांत येते. काकडी तेवढ्यातच. टोमॅटो पाच ते सात दिवस. मिरचीला आठ ते बारा दिवस लागतात, आणि डिसेंबरच्या थंडीत त्याहूनही जास्त.

मिरचीला २५ ते ३० अंश ऊब हवी. हिवाळ्यात पेरलेली पट्टी थर्माकोलच्या डब्यात ठेवून शेजारी गरम पाण्याची बाटली ठेवावी, सकाळ-संध्याकाळ पाणी बदलावं. मिरचीचं कोंब वर आलं की लगेच उजेडात.

लेट्यूसचं नेमकं उलटं. त्याला १५ ते २१ अंश आवडतात. पारा २७-३० च्या वर गेला की बी चांगलं असूनही झोपून राहतं. मार्च ते मे या काळात बेळगावात दुपारी ३५ च्या आसपास पारा जातो, आणि 'किटचं बी खराब निघालं' अशा तक्रारींतल्या बऱ्याचशा याच महिन्यांतल्या असणार. बी ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत घालून दोन दिवस फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवावं, मग संध्याकाळी थंड पाण्यानं भिजवलेल्या स्पंजवर पेरून घरातल्या सगळ्यांत गार खोलीत, जमिनीवर ठेवावं. रात्रीच्या गारव्यात ते फुटतं.

उजेड

किटमध्ये दिवा नसतो आणि पत्रकात 'उजेडाच्या जागी ठेवा' एवढंच असतं. पेरल्यावर ट्रे झाकून ठेवायचा, पण वाकलेल्या कोंबाची पहिली कमान वर दिसली त्याच दिवशी झाकण काढायचं. टोमॅटोचं रोप एक दिवस जास्त अंधारात राहिलं तर दोन इंच लांब, पांढरं खोड होतं. ते नंतर जाड होत नाही. हिवाळ्यात पूर्वेकडच्या बाल्कनीतलं तीन-चार तासांचं कोवळं ऊन पुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस ऊन पडत नाही, तेव्हा २० वॉटची, ६५०० केल्विनची साधी पांढरी एलईडी ट्यूब रोपांच्या शेंड्यापासून १०-१५ सेंटिमीटरवर टांगून रोज १४ ते १६ तास चालू ठेवावी. दोन फूट उंचावरच्या ट्यूबचा रोपांना फारसा उपयोग नाही. तळहात रोपांवरून दिवसातून दोनदा हलकेच फिरवावा किंवा छोटा पंखा मंद लावावा. हलल्यानं खोड बळकट होतं आणि पानांवरचा ओलावाही सुकतो.

पाणी आणि खत

खताच्या ए-बी बाटल्या बहुतेक किटांत ठीक असतात. चूक मापात आहे. पत्रकातलं माप मोठ्या झाडाचं असतं. बी उगवायला खत लागतच नाही, शिदोरी बियातच असते. पहिलं खरं पान दिसलं की ०.५ ते ०.६ ईसी, दुसरं-तिसरं पान आलं की ०.८, आणि पाइपमध्ये नेताना १ ते १.२. पीएच ५.५ ते ६.२ च्या दरम्यान. 'ए' आणि 'बी' पाण्याबाहेर कधी एकत्र करायचे नाहीत: एकातलं कॅल्शियम आणि दुसऱ्यातलं सल्फेट-फॉस्फेट मिळून पांढरा साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. आधी पाण्यात 'ए' घालून ढवळायचं, मग 'बी'.

बाटल्या संपल्यावर अनेक जण कृषी केंद्रातलं १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं खत) विरघळवून वापरतात. शेतात ते चांगलं, इथं नाही. त्यातलं निम्म्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात असतं, मातीतल्या जिवाणूंनी ते फोडल्याशिवाय रोपाला पुरेसं मिळत नाही, आणि त्यात कॅल्शियम अजिबात नसतं. बेंगळुरूजवळ हेसरघट्टा इथं असलेल्या भारतीय बागायती संशोधन संस्थेनं मातीविना भाजीसाठी 'अर्का सस्य पोषक रस' नावाचं द्रवखत काढलं आहे. बाटल्या पुन्हा घ्यायची वेळ आली तर त्याचाही विचार करावा.

आधी घरचं पाणी मोजा. बेळगाव शहरात राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, कित्येक घरांत विहीर किंवा बोअर असते, आणि एकाच गल्लीत दोन बोअरचं पाणी वेगळं निघू शकतं. खत न घालताच ०.८ च्या वर ईसी येत असेल तर त्यात निम्मं आरओचं किंवा पावसाचं पाणी मिसळावं. बोअरच्या जड पाण्यात बायकार्बोनेट जास्त असेल तर आज उतरवलेला पीएच परवा पुन्हा चढतो, आणि पानांत शिरांच्या मधला भाग पिवळा पडतो, कारण लोह पाण्यात असूनही मुळांना घेता येत नाही. आपल्याकडं चार महिने पावसाचं पाणी फुकट आहे, ते साठवावं. पहिल्या दोन-तीन पावसांचं सोडून द्यावं. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावरून आलेलं मात्र रोपांना नको, त्यात जस्त उतरतं.

पीएचचे थेंब कामचलाऊ आहेत. ५.५ आणि ६.५ च्या रंगांतला फरक पिवळ्या बल्बखाली कळतच नाही, दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदापुढं धरून बघावा. पीएच उतरवायच्या बाटलीत सायट्रिक ॲसिड असेल तर परिणाम एक-दोन दिवसांपुरताच, कारण ते पाण्यातले जिवाणू खाऊन टाकतात. लिंबू आणि व्हिनेगरचंही तेच. फॉस्फोरिक ॲसिडची बाटली घ्यावी, आणि ॲसिड पाण्यात घालावं, पाणी ॲसिडमध्ये नाही. टीडीएस मीटर बरेचसे ०.५ च्या गुणकावर असतात (ईसीच्या ५०० पट आकडा पीपीएममध्ये दाखवतात), म्हणजे ३०० पीपीएम म्हणजे ०.६ ईसी. १४१३ मायक्रोसीमेनच्या (म्हणजे १.४१३ ईसीच्या) तयार तपासणी-द्रावणात महिन्यातून एकदा मीटर तपासावा.

काय बिघडतं

रोप जमिनीलगत बारीक होऊन दोऱ्यासारखं आडवं पडतं, ही मर. पाण्यातली बुरशी, जास्त ओल आणि कोंडलेली हवा यांमुळं होते, आणि पावसाळ्यात सगळ्यांत जास्त. पडलेलं रोप वाचत नाही. शेजारची वाचवायला त्या खणासकट काढून टाकावं, ट्रेला खालून पाणी द्यावं आणि वरचा थर दिवसातून एकदा तरी सुकू द्यावा. भरण्यापूर्वी कोकोपीटमध्ये किलोला पाच ते दहा ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळलेला असेल तर मर बरीच कमी राहते.

बीदलं (बियातून आधी निघणारी दोन पानं) उगवून आठवड्यातच पिवळी पडली तर भूक. पानांच्या कडा करपल्या तर मीठ किंवा जास्त खत. डिसेंबर-जानेवारीत टोमॅटोच्या पानाची खालची बाजू जांभळी दिसली तर खत वाढवू नये: टाकीचं सकाळचं पाणी गार असतं आणि गार मुळं फॉस्फरस उचलत नाहीत. पाणी घरात आणून ठेवून, खोलीच्या तापमानाला आल्यावर द्यावं.

निपाणी-चिकोडी भागात एक गोष्ट विशेष सांभाळावी लागते. तंबाखूवरचा मोझॅक विषाणू वाळलेल्या पानातही जिवंत राहतो आणि हातावाटे टोमॅटो, मिरची, ढोबळी मिरचीच्या रोपांत शिरतो. विडी ओढून, तंबाखू मळून किंवा वखारीतून आल्यावर रोपांना हात लावण्यापूर्वी साबणानं हात चोळून धुवावेत, आणि रोपं हाताळताना बोटं मधूनमधून दुधात बुडवावीत. दुधातल्या प्रथिनांमुळं विषाणू पसरत नाही. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवावं. एकदा लागण झाली की औषध नाही, आणि एकाच टाकीचं पाणी सगळ्या रोपांच्या मुळांतून फिरत असतं.

कपात बसवताना

ट्रेच्या तळातून पांढरी मुळं बाहेर डोकावली आणि दोन ते चार खरी पानं आली की रोप तयार. लेट्यूसला साधारण १५ ते २० दिवस, टोमॅटोला २५ ते ३०, मिरचीला ३५ ते ४०. त्याहून उशीर केला तर मुळं खणात गुंडाळतात आणि पाण्यात गेल्यावरही तशीच गोल राहतात. काढायच्या तासभर आधी पाणी द्यावं, खण खालून बोटानं ढकलावा, खोड धरून ओढू नये. गड्डीचा खालचा तिसरा भाग पाण्याच्या वाटीत हलकेच हलवून मोकळा करावा. सगळं कोकोपीट धुऊन काढायचा हट्ट धरला तर केसासारखी बारीक मुळं तुटतात आणि रोप तीन-चार दिवस मान टाकतं. कपाचा तळ पाण्यात अर्धा सेंटिमीटर बुडेल अशी पातळी ठेवावी, मुळं कपाबाहेर दोन इंच उतरली की पातळी कमी करून मुळांच्या वरच्या भागाला हवा द्यावी. संध्याकाळी लावावं, पहिले दोन दिवस सावलीत ठेवावं.

टोमॅटो आणि मिरचीसाठी खरं तर किटपेक्षा स्वस्त पर्याय दाराशी आहे. जिल्ह्यातल्या रोपवाटिका ऊस नसलेल्या शेतांसाठी प्रोट्रेमध्ये मिरचीचं, टोमॅटोचं तरू तयार करून विकतात, तेही कोकोपीटमध्येच. दहा-वीस रोपं मागून घ्यावीत. पानं उलटून पांढरी माशी आहे का ते बघावं, शेंड्याची पानं आकसलेली असतील तर घेऊ नयेत, आणि नुकतीच औषधाची आळवणी केली आहे (मुळाशी औषधाचं पाणी ओतलं आहे) का ते विचारावं. घरी आणून आठवडाभर बाकीच्या झाडांपासून लांब ठेवावीत, मग गड्डी धुऊन कपात. मिरचीचे पाच आठवडे वाचतात.

म्हणून खरेदी अशी सुचवतो: जाड प्रोट्रे, कोकोपीटची वीट, थोडं परलाइट, किलोभर कॅल्शियम नायट्रेट, ट्रायकोडर्माचं पाकीट स्थानिक कृषी केंद्रातून, कप, ए-बी खत, बऱ्यापैकी टीडीएस आणि पीएच मीटर ऑनलाइन. किट घेतलंच असेल तर त्यातले कप, खत आणि मीटर वापरावेत, स्पंज लेट्यूससाठी ठेवावा, वीट धुऊन घ्यावी, बिया तपासून मगच पेराव्यात.

वापरलेलं कोकोपीट फेकू नये, कुंडीतल्या मातीत मिसळून जातं. पुन्हा रोपांसाठी मात्र घेऊ नये. ट्रे आणि कप प्रत्येक खेपेनंतर ब्रशनं घासून, एक भाग घरगुती ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणात १०-१५ मिनिटं बुडवून, स्वच्छ धुऊन, उन्हात पूर्ण वाळवून ठेवावेत. या द्रावणात दुसरं कुठलंही ॲसिड किंवा क्लीनर मिसळू नये. आणि हे काम खोलीबाहेर, मोकळ्या हवेत करावं.